होमी भाभा म्हटलं की तारापूर आठवतं, पण त्यांचा दुसरा हट्ट इलेक्ट्रॉनिक्सचा होता

तलासरी तालुक्यातलं झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं अगदी उत्तरेचं गाव. इथून पुढे गेलात की गुजरात सुरू. जमिनीवर राज्य बदललं की रस्त्यावरची पाटी सांगते. समुद्रात पाटी नसते.

डहाणू-तलासरी पट्ट्यातले कित्येक खलाशी हंगामात ओखा, पोरबंदरकडच्या बोटींवर कामाला जातात. तिकडे खोल समुद्रात बोट भारत-पाकिस्तान सागरी हद्दीपलीकडे गेल्याचा ठपका आला, की थेट अटक होते. मग घरचा कमावता माणूस वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात आणि घरचे कागदपत्रं घेऊन सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत. आपण नेमके कुठे आहोत हे न कळण्याची किंमत या भागातल्या घरांनी मोजलेली आहे.

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच एक योजना सुरू झाली. देशातल्या एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोनं विकसित केलेला ट्रान्सपाँडर बसवायचा. मोबाईलला रेंज नसली तरी उपग्रहामार्फत संदेश देणारी आणि घेणारी ही पेटी, हद्द जवळ आली की इशाराही देते.

योगायोग बघा, त्याच महिन्यात मुंबईतून दुसरी बातमी आली. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, आणि पुण्यातली डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी मिळून सहा क्यूबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली होती.

एक पेटी बोटीवरची, एक चिप प्रयोगशाळेतली. दोन्हींचा माग काढत मागे गेलात तर वाट एकाच माणसाच्या दारातून जाते. डॉ. होमी जहांगीर भाभा. पालघर जिल्ह्यात त्यांचं नाव घेतलं की तारापूर आठवतं आणि सोशल मीडियावर घेतलं की विमान अपघात. या दोन्हींच्या मध्ये त्यांच्या आयुष्याचा एक मोठा भाग राहून जातो. तो म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स.

संजाणच्या वारशातला मुंबईचा मुलगा

झाईपासून जवळच, पण गुजरातच्या हद्दीत संजाण आहे. पारशी परंपरेनुसार इराण सोडून आलेले त्यांचे पूर्वज इथे उतरले. पुढे संजाण पडलं तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं डहाणू तालुक्यातल्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांमध्ये जपला, असं ही परंपरा सांगते. आजही पारशी मंडळी तिथे श्रद्धेने जातात.

याच समाजातल्या एका सधन घरात ३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत होमींचा जन्म झाला. वडील जहांगीर वकील, आईचं नाव मेहेरबाई. आत्या, त्यांचंही नाव मेहेरबाईच, जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांची पत्नी. त्यामुळे लहानपणापासून घरात पुस्तकं, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड, चित्रं आणि उद्योगधंद्यांच्या गप्पा.

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं करत १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. घरच्यांचा बेत स्पष्ट होता. मुलानं मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं आणि परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं.

पण मुलाला भौतिकशास्त्राचं वेड लागलं. त्यांनी वडिलांना पत्र लिहून सांगून टाकलं की आपला जीव इंजिनिअरिंगमध्ये रमणार नाही. वडिलांनी मधला मार्ग काढला. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च मी देतो. १९३० मध्ये होमींनी पहिला वर्ग मिळवला आणि ते गणित-भौतिकशास्त्राकडे वळले.

ही इंजिनिअरिंगची वर्षं वाया गेली नाहीत. पुढे त्यांनी जे उभं केलं त्यात कागदावरचं गणित आणि वर्कशॉपमधलं काम शेजारी शेजारी दिसतं.

भाभांनी नेमका शोध काय लावला?

१९३० च्या दशकात केंब्रिजमध्ये असणं म्हणजे भौतिकशास्त्राच्या ऐन धामधुमीत असणं. १९३२ मध्ये तिथल्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत न्यूट्रॉन सापडला. त्याच वर्षी अमेरिकेत पॉझिट्रॉन सापडला, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन विद्युतभाराचा कण.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होईल, याचं गणित भाभांनी मांडलं. या आदळण्याला जगभर 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. कणांची टक्कर घडवणाऱ्या मोठ्या यंत्रांमध्ये किती टकरा होताहेत हे मोजायला त्याचा आजही उपयोग होतो.

दुसरं मोठं काम १९३७ चं. अवकाशातून पृथ्वीवर सतत अतिवेगवान कणांचा मारा होत असतो. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. वातावरणात शिरलेल्या एका कणातून दोन, दोनातून चार असा कणांचा पाऊस कसा पडतो, हे भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी गणितानं समजावून सांगितलं.

इथपर्यंतचे भाभा हे कागद-पेन्सिलवाले शास्त्रज्ञ होते.

सुट्टीवर आले आणि अडकले

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद झाली. मग ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तिथे सर सी. व्ही. रामन होते. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, भाभांची रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवड झाली.

बंगळूरला त्यांना वैश्विक किरणांवर प्रयोग करायचे होते. त्यासाठी कण मोजणारे गायगर काउंटर हवेत. काउंटरमध्ये कण शिरला की विजेचा एक बारीक ठोका पडतो. तो ठोका मोठा करायला आणि मोजायला सर्किट हवं. युद्धात ही उपकरणं परदेशातून मागवणार कशी? मग ती बंगळूरलाच बनवली गेली आणि अमेरिकी हवाई दलाच्या विमानांतून उंचावर नेऊन मोजमापं घेतली गेली.

भाभांच्या पुढच्या सगळ्या कामाची चावी इथे सापडते. विज्ञान करायचं तर उपकरण हवं आणि उपकरण दुसऱ्याच्या मर्जीवर मिळत असेल तर विज्ञानही त्याच्याच मर्जीवर चालतं.

पेडर रोडच्या बंगल्यातून कुलाब्यापर्यंत

मार्च १९४४ मध्ये भाभांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढायला मदत मागितली. तेव्हा देश स्वतंत्र झाला नव्हता आणि हिरोशिमाही घडलं नव्हतं. त्यांचा मुद्दा असा होता की उद्या अणुऊर्जा वापरात येईल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेर शोधायला लागू नयेत, ते घरातच तयार असावेत.

१९४५ मध्ये बंगळूरला टीआयएफआर सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. १९४९ मध्ये ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली. कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी आज जी इमारत दिसते तिचं उद्घाटन नेहरूंनी १९६२ मध्ये केलं.

भाभा स्वतः चित्रं काढायचे. संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी हुसेन यांच्यासारख्या चित्रकारांची कामं घेतली आणि बागेतल्या झाडांच्या जागाही जातीनं ठरवल्या.

पण नोकरभरतीतलं त्यांचं सूत्र जास्त महत्त्वाचं होतं. आधी खातं उघडून मग माणूस शोधायचा नाही. आधी चांगला माणूस शोधायचा आणि त्याच्याभोवती विभाग उभा करायचा.

गोविंद स्वरूप हे याचं ठळक उदाहरण. परदेशात रेडिओ खगोलशास्त्रात काम करणारे स्वरूप आणि त्यांचे काही सहकारी भारतात परतायला तयार आहेत असं कळताच भाभांनी होकार कळवला. स्वरूप १९६३ मध्ये आले आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ३२ छोट्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. हो, आपल्या लोकल लाइनवरचं कल्याण. तीच वाट पुढे नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीपर्यंत, जीएमआरटीपर्यंत गेली.

२,७०० व्हॉल्व्हचा कॉम्प्युटर

१९५० च्या दशकात टीआयएफआरमधल्या तरुणांनी एक धाडस केलं. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी देशातच इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बनवायला घेतला. त्यातल्या बहुतेकांनी तोवर कॉम्प्युटर वापरलाही नव्हता.

आधी छोटं प्रायोगिक यंत्र झालं आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र चालू झालं. पुढे त्याला टिफ्रॅक हे नाव मिळालं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. एवढा पसारा करून स्मृती किती? २,०४८ शब्द. तुमच्या व्हॉट्सॲपवर येणारा एक 'गुड मॉर्निंग'चा फोटोही त्यात मावला नसता.

तोवर परदेशात ट्रान्झिस्टरवाले कॉम्प्युटर येऊ लागले होते, त्यामुळे टिफ्रॅक जन्मतःच थोडा जुना होता. पण तो बनवताना जी माणसं तयार झाली, त्यांच्यातून देशातल्या संगणकशास्त्राची पहिली फळी उभी राहिली.

तिकडे तुर्भ्याला भाभांच्या देखरेखीखाली अणुऊर्जेची संस्था आकार घेत होती. तीच आजची बीएआरसी. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचं होतं, पण भट्टीवर ताबा ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ए. एस. राव यांच्या गटानं इथेच बनवली. अणुभट्टी चालवायची म्हणजे आत काय चाललंय ते क्षणाक्षणाला मोजायचं आणि मोजायचं म्हणजे पुन्हा सर्किट. अणुऊर्जा आणि इलेक्ट्रॉनिक्स भाभांच्या डोक्यात वेगळे विषय नव्हतेच.

अवकाश संशोधनाचं रोपटंही याच आवारात लागलं. १९६२ मध्ये विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली ती अणुऊर्जा विभागात, भाभांच्या पाठिंब्याने. तिचीच पुढे इस्रो झाली. बोटीवरच्या ट्रान्सपाँडरची वाट भाभांच्या दारातून जाते ती अशी.

सगळेच त्यांच्यावर खूश नव्हते

भाभांचा थेट पंतप्रधानांशी संपर्क होता आणि त्यांच्या विभागाला पैसा मिळत होता. यावर टीकाही झाली. मेघनाद साहांसारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की संशोधन काही मोजक्या सरकारी संस्थांत कोंडलं तर विद्यापीठं कोरडी पडतील. ही तक्रार आजही जुनी झालेली नाही. आपल्या जिल्ह्याच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकदा डोकावलं की लक्षात येतं.

दुसरे टीकाकार तर त्यांच्याच संस्थेत होते. दामोदर धर्मानंद कोसंबी. गणितज्ञ आणि इतिहासकार, पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला ये-जा करणारे. अणुऊर्जेपेक्षा भारतानं सूर्याच्या ऊर्जेवर भर द्यावा, असं ते उघडपणे मांडत. भाभांशी त्यांचं बिनसलं आणि १९६२ मध्ये टीआयएफआरनं त्यांचा करार पुढे वाढवला नाही. आज प्रत्येक गावात सौरपंप दिसतात, तेव्हा कोसंबींची आठवण येणं साहजिक आहे.

तारापूरचंही तसंच. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या. १९६९ मध्ये त्या वीज देऊ लागल्या तेव्हा भाभा हयात नव्हते. पण इंधनासाठी दुसऱ्या देशाकडे बघावं लागणं म्हणजे काय, हे त्याच प्रकल्पानं पुढे देशाला दाखवलं.

युद्धानंतरची समिती

१९६२ च्या चीन युद्धानं देशाला बरंच काही दाखवून दिलं. सैन्याला लागणारे रेडिओ संच, रडार, त्यांचे सुटे भाग, यातलं आपण किती बनवतो हा प्रश्न समोर आला.

ऑगस्ट १९६३ मध्ये सरकारनं इलेक्ट्रॉनिक्सवर एक समिती नेमली. अध्यक्ष होमी भाभा. सोबत विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव. देशाला पुढच्या दहा वर्षांत काय काय लागेल, त्यातलं इथे काय बनू शकेल आणि त्यासाठी किती माणसं आणि पैसा हवा, याचा हिशेब मांडायचं काम तिच्याकडे होतं.

समितीचं उत्तर थोडक्यात असं होतं. परदेशातून सुटे भाग आणून इथे फक्त जोडत बसलो तर आपण कायम मागेच राहू. संशोधन, आराखडा आणि उत्पादन ही तिन्ही कामं देशातच आणि एकमेकांना धरून झाली पाहिजेत. त्या वेळी ट्रान्झिस्टरचं युग नुकतंच स्थिरावत होतं, एकाच तुकड्यावरची चिप बाल्यावस्थेत होती. गाडी पकडायची तर वेळ तीच होती.

हा अहवाल १९६६ मध्ये बाहेर आला. तो बघायला भाभा नव्हते.

माँ ब्लांवर काय झालं?

२४ जानेवारी १९६६. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. लालबहादूर शास्त्रींच्या निधनाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. भाभा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान बैरुतहून जिनिव्हाकडे उतरताना आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वतावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते.

घातपाताच्या कहाण्या तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचल्या असतील. अधिकृत चौकशीचा निष्कर्ष वेगळा आहे. विमानाची जागा सांगणाऱ्या रेडिओ यंत्रांपैकी एक बैरुतहून निघतानाच बंद होतं. वैमानिकाच्या अंदाजानं विमान माँ ब्लांच्या पुढे गेलं होतं. खालच्या नियंत्रकाला रडारवर चूक दिसली. त्यानं दुरुस्ती सांगितली, पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. वैमानिकानं त्याचा वेगळा अर्थ घेतला आणि विमान खाली आणणं चालू ठेवलं.

आपण नेमके कुठे आहोत, हेच कळलं नाही.

पुढे काय झालं?

१९६७ मध्ये हैदराबादला ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली ईसीआयएल ही सरकारी कंपनी सुरू झाली. तिचं मूळ तुर्भ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात होतं. काही वर्षांतच तिनं देशी कॉम्प्युटर बनवले. जुन्या पिढीला तिचा ईसी टीव्ही आठवत असेल. आज तुम्ही ज्या ईव्हीएमवर मत देता, ती बनवणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकी ही एक. १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतंत्र विभागही झाला.

पण दहा वर्षांत स्वयंपूर्ण व्हायचं स्वप्न राहून गेलं. चिप बनवायचा सरकारी कारखाना मोहालीत उभा राहिला, त्यात उत्पादन सुरू व्हायला १९८० चं दशक उजाडलं आणि १९८९ मध्ये त्याला मोठी आग लागली. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनं चिप उद्योगासाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली, तेव्हा प्रश्न जवळपास तोच होता जो १९६३ मध्ये भाभांच्या समितीपुढे होता.

आणि कुलाब्यातली ती चिप

काही धातू प्रचंड थंड केले की विजेला होणारा त्यांचा विरोध एकदम शून्य होतो. त्यांना अतिवाहक म्हणतात. १९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला पाऱ्यामध्ये हे पहिल्यांदा दिसलं, उणे २६९ अंश सेल्सिअसला.

आता दोन अतिवाहक पट्ट्यांमध्ये वीज न वाहू देणारा एक थर ठेवा, जाडी एक-दोन नॅनोमीटर. माणसाचा केस अंदाजे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे हा थर किती पातळ ते बघा. एवढ्या पातळ थरातून अतिवाहकातले इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं पलीकडे जातात. असं होईल हे १९६२ मध्ये ब्रायन जोसेफसन या केंब्रिजच्याच तरुण विद्यार्थ्यानं गणितानं दाखवलं होतं. या जोडाचा वापर करून क्यूबिट बनवतात. साध्या कॉम्प्युटरचा बिट ० किंवा १ असतो, क्यूबिट या दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. मात्र त्यासाठी चिप निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, उणे २७३ अंशांच्या आसपास ठेवावी लागते.

टीआयएफआरचा अतिवाहकांशी संबंध जुना आहे. १९९४ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात अतिवाहकता शोधली आणि पदार्थांचं एक नवं कुटुंबच जगापुढे आलं. २०२४ ची सहा क्यूबिटची चिप तिथेच आखली गेली आणि तिथेच बनली. तिला आज्ञा देणारी आणि तिचं उत्तर वाचणारी इलेक्ट्रॉनिक्स पुण्याच्या प्रयोगशाळेनं जुळवली, क्लाउडवरून ती वापरायची सोय टीसीएसनं केली. जगात याहून कितीतरी मोठे प्रोसेसर आहेत. टिफ्रॅकच्या वेळीही जग पुढेच होतं.

भाभांनी स्वतः अतिवाहकांवर काम केलं नाही. त्यांनी हे काम करू शकतील अशी माणसं टिकतील अशी जागा बांधली. त्यांच्या अहवालातलं पुढचं काम, म्हणजे प्रयोगशाळेतली चिप कारखान्यात आणि तिथून बाजारात नेणं, अजून बरंचसं बाकी आहे.

झाईच्या किनाऱ्यावरून बोट निघते तेव्हा तांडेलाला यातलं काही माहीत असायची गरज नाही. त्याच्या पेटीवर हद्दीचा इशारा वेळेवर वाजला आणि बोट माणसांसकट घरी आली, एवढं त्याला पुरेसं आहे.